सोळा घरांचा ताल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला ‘ज्येष्ठ सभासदाचे मनोगत’ म्हणून पंधरा मिनिटं दिली आहेत. अशा वेळी पाण्याची टाकी, लिफ्टचं काम, पहिल्या वर्षीची होळी अशा आठवणी सांगायची पद्धत आहे. त्या आठवणी माझ्या आधीच्या वक्त्यांनी इतक्या छान सांगितल्या की माझ्याकडे शिल्लक काही उरलं नाही. म्हणून मी वेगळ्याच विषयावर बोलणार आहे.

दर रविवारी सकाळी साडेदहा ते साडेबारा, सोसायटी ऑफिसच्या वरच्या खोलीत, आपली नऊ मुलंमुली इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचे ड्रम बीट तयार करायला शिकतात. त्यांच्या भाषेत ईडीएम. शिकवतो मी. वय वर्षं ७४, बँकेतून निवृत्त, डाव्या कानाला श्रवणयंत्र. खिडकीतून येणारा ‘धप धप’ आवाज ऐकून बऱ्याच जणांनी मला जिन्यात गाठून विचारलं आहे, ‘काका, हे काय चालवलंय तुम्ही?’ आज एकदाच सगळ्यांना उत्तर देतो.

दोन वर्षांपूर्वीच्या विसर्जनानंतरची सर्वसाधारण सभा तुमच्या लक्षात असेल. भिंतीएवढे स्पीकर आवारात आले होते. तळमजल्यावरच्या घरांतल्या काचा थरथरल्या, एका घरात तान्हं बाळ होतं, एका घरात नुकतीच बायपास झालेले गृहस्थ होते. सभेत आवाज चढले. एका बाजूला आम्ही म्हातारे, दुसऱ्या बाजूला ही पोरं. आम्ही म्हणत होतो, हे संगीतच नव्हे. ती म्हणत होती, तुम्हाला आमचं काहीच आवडत नाही. शेवटी ठराव झाला, स्पीकर बंद. कागदावर विषय संपला. पण त्यानंतर कितीतरी दिवस मुलं जिन्यात भेटली की मान खाली घालून जायची. पंचवीस वर्षं एका छपराखाली राहून मुलं आपल्याशी बोलेनाशी होणं हे मला काही बरं वाटलं नाही.

एके दिवशी त्यांच्यातल्या दोघांना गाठून विचारलं, ‘त्या संगीतात तुम्हाला नेमकं काय आवडतं?’ उत्तर आलं, ‘मजा येते.’ मी म्हटलं, ‘मजा कुठल्या जागी येते?’ दोघंही एकमेकांकडे बघायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे आपण एकत्र बसून शोधण्यासारखं आहे. मी कॉलेजात असताना तबला शिकलो होतो, गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण परीक्षा दिली होती. पुढे नोकरी, बदल्या आणि संसार यांत तबला माळ्यावर गेला. पण ताल एकदा अंगात शिरला की जात नाही. संगणकावर बीट कसा मांडतात हे माझ्या नातीने मला दिवाळीच्या सुट्टीत दाखवलं होतं. एवढ्या भांडवलावर वर्ग सुरू झाला.

आता प्रत्यक्ष काय शिकवतो ते सांगतो. पहिल्या दिवशी संगणक लावायचाच नाही. सगळ्यांनी गोल बसायचं, पायाने सारखा ठेका धरायचा आणि तोंडाने एक ते चार मोजायचं. दोन आणि चार आले की टाळी. इतकं सोपं, पण पहिल्या रविवारी नऊपैकी चौघंच दोन मिनिटं न चुकता करू शकले. बाकीचे हळूहळू पळायला लागले. गर्दीत नाचताना आपण ठेक्यात आहोत असं प्रत्येकाला वाटतं, एकट्याने धरायचा म्हटला की खरं काय ते कळतं.

दुसऱ्या दिवशी संगणक. एलएमएमएस नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे, मोबाइलवर बँडलॅब आहे. कुठलाही घ्या, पडद्यावर एक तक्ता दिसतो. आडव्या ओळीत सोळा घरं. उभ्या बाजूला वाद्यांची नावं: किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, क्लॅप, म्हणजे टाळी, हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी. ज्या घरात खूण कराल तिथे तो आवाज वाजतो. सोळावं घर संपलं की पुन्हा पहिलं. जन्मभर लेजरच्या घरांत आकडे भरलेल्या माणसाला हे बघून माहेरी आल्यासारखं वाटलं.

सोळा घरं म्हणजे चार ठोके, एका ठोक्याला चार घरं. किक टाका १, ५, ९ आणि १३ या घरांत. टाळी टाका ५ आणि १३ मध्ये. उघडी हाय-हॅट टाका ३, ७, ११, १५ मध्ये, म्हणजे बरोबर दोन ठोक्यांच्या मध्ये. एकूण दहा खुणा झाल्या. हा ‘हाउस’ प्रकारचा मूळ बीट. विसर्जनाला, लग्नाच्या वरातीत, मॉलमध्ये तुम्ही हा शेकडो वेळा ऐकला आहे.

लय किती ठेवायची? या संगीतात बऱ्याचदा मिनिटाला १२८ ठोके असतात. १२८ भागिले ४ म्हणजे एका मिनिटात बरोबर ३२ आवर्तनं. एक आवर्तन पावणेदोन सेकंदांपेक्षा किंचित जास्त, म्हणजे १.८७५ सेकंद. आठ आवर्तनांची १५ सेकंद, सोळांची ३०. मुलं आता हा हिशेब तोंडी करतात. एका आईने मला सांगितलं की गणिताच्या पेपरात अपूर्णांक सोडवताना मुलगा टेबलावर बोटं वाजवत होता म्हणून पर्यवेक्षकांनी त्याला हटकलं. त्याची जबाबदारी मी घेत नाही!

आता तबल्याकडे येतो. आपला तीनताल सोळा मात्रांचा, चार-चारचे चार विभाग. टाळी १, ५ आणि १३ वर. खाली ९ वर. मी हे फळ्यावर लिहिलं आणि शेजारी हाउसचा बीट लिहिला. तिथे टाळी ५ आणि १३ वर! मुलं ओरडलीच. दोन्हींचा हिशेब एक नाही, हेही मी लगेच सांगितलं. तीनतालात एक घर म्हणजे एक मात्रा, इथे चार घरं मिळून एक ठोका. उगाच ‘आमच्याकडे हे सगळं आधीच होतं’ असं म्हणण्यात अर्थ नाही. पण सोळाचा चार-चारमध्ये विचार करायची सवय दोन्हीकडे सारखी आहे, आणि एक माहीत असेल तर दुसरं लवकर समजतं.

या सोळा घरांचा इतिहासही मुलांना सांगतो. १९८० मध्ये जपानच्या रोलंड कंपनीने टीआर-८०८ नावाचं ताल वाजवणारं यंत्र काढलं. त्याला सोळा बटणं होती, चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. म्हणजे चार विभाग रंगांनी दाखवलेले. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा येत नाही म्हणून पुष्कळांनी नावं ठेवली. सुमारे बारा हजार यंत्रं निघाली आणि १९८३ मध्ये उत्पादन बंद झालं. मग ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइटमधल्या, खिशात फारसे पैसे नसलेल्या तरुण पोरांच्या हातात पडली. त्यांनी त्या ‘खोट्या’ आवाजातूनच नवीन संगीत उभं केलं. शिकागोत हाउस, डेट्रॉइटमध्ये टेक्नो. हे ऐकताना मला आमच्या बँकेत ऐंशीच्या दशकात आलेली लेजर पोस्टिंग मशीनं आठवतात. तेव्हा आम्हालाही वाटलं होतं की आता माणसाचं काम संपलं. माणसाचं काम बदललं, संपलं नाही.

आणि हे फक्त अमेरिकेत घडलं असं समजू नका. १९८२ मध्ये आपल्या मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकाने, जे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवत असत, हेच ८०८ यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि त्याची तबकडी निघाली. त्या वेळी तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा तिकडच्या लोकांनी तोंडात बोटं घातली, कारण शिकागोत काही वर्षांनी जे ‘ॲसिड हाउस’ जन्माला आलं, त्याच्याशी हिचं विलक्षण साम्य होतं. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले. मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी त्या रविवारी भैरव ऐकला. मी सांगून ऐकला असता का, ते तुम्हीच ठरवा.

आता मुख्य गोष्ट. नवीन शिकणारं प्रत्येक मूल काय करतं? सगळी घरं भरतं. सोळा घरं रिकामी दिसली की त्याला राहवत नाही. किक सोळा, टाळी सोळा, हॅट सोळा. मग स्पीकर वाढवून माझ्याकडे बघतं, ‘काका, भारी ना?’ मी नियम केला. प्रत्येकाच्या खात्यात सोळा खुणा जमा आहेत. सगळ्या वाद्यांत मिळून तेवढ्याच खर्चायच्या. ओव्हरड्राफ्ट मिळणार नाही. मूळ बीटलाच दहा जातात, उरतात सहा. त्या सहा कुठे खर्चायच्या यावर अर्धा-अर्धा तास भांडणं होतात. आणि गंमत म्हणजे त्यातून निघणारे बीट पहिल्यापेक्षा कितीतरी चांगले असतात, कारण आता प्रत्येक खूण विचार करून ठेवलेली असते.

त्यानंतरचा धडा काढून टाकण्याचा. तीनतालाचा ठेका आठवा. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. तिसऱ्या विभागात ‘तिं’ आला की डग्ग्याचा घुमारा थांबतो. चार मात्रा फक्त तबला. चौदाव्या मात्रेला ‘धिं’ आला की डग्गा परत येतो, आणि आपल्याला आतून कळतं की आता सम जवळ आली. ईडीएममध्ये हेच मोठ्या मापात करतात. आठ किंवा सोळा आवर्तनं किक काढून घेतात, बाकीचे आवाज हळूहळू वाढवत नेतात आणि मग एकदम किक परत आणतात. त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. मुलं ज्या क्षणी उड्या मारतात तो हा क्षण. ‘मजा कुठल्या जागी येते’ या माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. किक नसलेल्या त्या १५ सेकंदांमुळे मजा येते. पण स्वतःच्या बीटमधून १५ सेकंद किक काढायची म्हटलं तर एकाचीही हिंमत होईना. ‘काका, लोकांना वाटेल बंद पडलं.’

आठवीतली एक मुलगी कथक शिकते. तिने विचारलं, ‘ड्रॉपच्या आधी तिहाई घेता येईल का?’ तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून बरोबर समेवर यायचं. तिने वहीत हिशेब मांडला. पाच घरांचा तुकडा, एक घर रिकामं, पुन्हा पाच, एक रिकामं, पुन्हा पाच. बेरीज सतरा. पहिल्या घरापासून सुरू केलं तर शेवटचा ठोका सतराव्या घरात, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या घरात पडतो. तीच सम आणि तोच ड्रॉप. मोठ्या मुलांनी त्या दिवशी तिला आपली खुर्ची दिली. आमच्या वर्गात याहून मोठं बक्षीस नाही.

आता मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय. बी विंगच्या तळमजल्यावरच्या आपल्या आजी. त्यांचं घर ऑफिसला लागून, आमच्या खोलीच्या खाली. त्या सभेत सगळ्यात कडक त्याच बोलल्या होत्या. वर्ग सुरू झाल्यावर दुसऱ्याच रविवारी त्यांनी वॉचमनकडून चिठ्ठी पाठवली, ‘आवाज होतो.’ आम्ही तर स्पीकर अगदी लहान ठेवला होता. मुलं म्हणाली, ‘काका, इतक्या हळू आवाजाचाही त्रास? मुद्दाम करतात.’

मी म्हटलं, बँकेत तक्रार आली की आधी जागेवर जाऊन तपासणी करायची. चार मुलांना वर ठेवलं, पाच मुलांना कागद-पेन देऊन आजींच्या पुढच्या खोलीत बसवलं. वर नेहमीचा बीट वाजवला. खाली काय ऐकू येतं ते प्रत्येकाने शेजाऱ्याला न विचारता लिहायचं. पाचही कागदांवर एकच उत्तर होतं, ‘फक्त किक.’ टाळी नाही, हॅट नाही, सूर नाही. मग वरच्यांनी किक बंद केली आणि बाकी सगळं चालू ठेवलं. खालच्या पाच जणांनी लिहिलं, ‘काही नाही.’

याचं कारण साधं आहे. खोल किकचा आवाज साधारण ५० हर्ट्झच्या आसपास असतो, त्याची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब. हाय-हॅटचा आवाज ५००० हर्ट्झच्या वर, त्याची लाट सात सेंटिमीटरपेक्षाही लहान. आपली भिंत आणि स्लॅब या बारीक लाटा बऱ्याच अडवतात, लांब लाटा त्यामानाने सहज पार जातात. म्हणजे वाजवणाऱ्याला गाणं ऐकू येतं आणि शेजाऱ्याला फक्त धप्प, धप्प, धप्प. मिनिटाला १२८ वेळा.

सभेत सर्वांत जास्त वाद घालणारा अकरावीतला मुलगा त्या दिवशी खाली बसला होता. वर आल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘काका, आपण जे वाजवतो ते त्यांना कधी ऐकूच आलेलं नाही.’ मी त्याला माझ्या श्रवणयंत्राची गोष्ट सांगितली. वय झालं की आधी बारीक, उंच आवाज जातात. यंत्र काढलं तर मला हाय-हॅट ऐकू येत नाही. मी ती पडद्यावर बघून तपासतो. आजींच्या वाट्याची हॅट भिंतीने अडवली, माझ्या वाट्याची वयाने. एकच बीट, पण ऐकणारे तीन आणि आवाज तीन. बीट करणाऱ्याने तिघांचाही विचार करायला हवा.

पुढच्या आठवड्यात आम्ही घराघरांतले आवाज गोळा करायला निघालो. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं आणि त्याचे तुकडे सोळा घरांत बसवायचे. वॉचमनच्या चाव्यांचा जुडगा झाला हाय-हॅट, लिफ्टच्या सरकत्या दाराची झाली टाळी. किकसाठी काय? तो अकरावीतला मुलगा आजींच्या दारात गेला. दाराची साखळी तशीच ठेवून आजींनी विचारलं, ‘आता काय?’ हा म्हणाला, ‘आजी, तुमच्या खलबत्त्याचे चार ठोके हवेत.’ आजी क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘चारच कशाला? शेंगदाणे कुटायचेच आहेत, ये आत.’

पुढच्या रविवारी आजी स्वतः जिना चढून वर आल्या, आपल्या ठोक्यांचं काय झालं ते ऐकायला. मुलाने त्यांना हेडफोन लावून दिले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, ‘हा माझा नव्हे. माझा खलबत्ता पितळी आहे, हा लोखंडी वाटतोय.’ पोराने आवाज खोल करण्यासाठी त्याची पट्टी इतकी उतरवली होती की पितळेची झणक पार गेली होती. त्याने तिथल्या तिथे दुरुस्त केलं. आजी दुसऱ्यांदा ऐकून म्हणाल्या, ‘हं, आता शेंगदाणे दिसले.’ त्या दिवसापासून वर्गात कुणाचा बीट बिघडला की मुलं म्हणतात, ‘शेंगदाणे दिसत नाहीत.’

मागच्या गणेशोत्सवात काय झालं ते तुम्ही पाहिलंत. मुलांनी स्वतः केलेला बीट, जोडीला ताशा, आणि खालचा खोल आवाज मुलांनीच छाटून कमी केलेला. साडेनऊला त्यांनी स्वतःच बंद केलं. ठराव नाही, पोलिसांना फोन नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली आहे. हा नियम मुलांना पाठ आहे. पण नियम भिंतीवर लावून जे झालं नसतं ते आजींच्या खोलीत कागद-पेन घेऊन बसल्याने झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

पालकांना एक विनंती. हेडफोनमुळे घर शांत राहतं म्हणून आपण निश्चिंत असतो, पण आवाज थेट कानात जात असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानतात. पुढचं गणित चक्रवाढ व्याजासारखं आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ९२ ला अडीच तास. १०१ ला गेलात तर पूर्ण आठवड्याचा कोटा वीस मिनिटांच्या आत संपतो. हा तक्ता मुलांनी स्वतः करून खोलीच्या दारावर लावला आहे. गेलेलं व्याज कदाचित भरून काढता येईल, गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही. माझं यंत्र मुलांसमोर टेबलावर असतं, तेही त्यासाठीच.

काही पालकांनी विचारलं, ‘यातून पुढे काय? दहावी-बारावीचं वर्ष, यात करिअर आहे का?’ मी कुणाला करिअरचं आश्वासन दिलेलं नाही. नऊपैकी एखादं मूल पुढे ध्वनीचं तंत्र शिकेलही, बाकीची इंजिनियर, नर्स, वकील, दुकानदार होतील. पण हाती घेतलेलं काम पूर्ण करायचं, फाइलला तारीख घालून नीट जपून ठेवायची, दुसऱ्याने चूक दाखवली तर रागवायचं नाही आणि आपला आवाज भिंतीपलीकडे कसा पोचतो हे एकदा जाऊन ऐकायचं, एवढं त्यांना येतं. माझ्या काळात अधिकारी नेमताना यातल्या दोन गोष्टी असल्या तरी आम्ही खूश व्हायचो.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मी मुद्दाम आजच मांडतो आहे. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर वरची खोली क्लासला भाड्याने देण्याचा विषय आहे. मी ३७ वर्षं कर्जाचे अर्ज वाचले. सोसायटीला उत्पन्न हवं, दुरुस्ती निधी वाढायला हवा, हे मला कुणी पटवून द्यायला नको. खोली जरूर भाड्याने द्या. फक्त करारात एक ओळ घाला, की रविवारी सकाळचे दोन तास खोली सोसायटीच्या मुलांसाठी राहील. भाड्यात त्यामुळे थोडी घट येईल. ती घट किती आणि त्या विसर्जनानंतर आपण सगळे जिन्यात एकमेकांना टाळत होतो त्याची किंमत किती, हा हिशेब प्रत्येकाने घरी बसून करावा आणि मग मत द्यावं.

आम्हाला पैसे नकोत. कुणाकडे जुना चालू लॅपटॉप पडून असेल तर द्या, हेडफोनची एक-दोन जोडी द्या. आणि माझ्या वयाकडे बघून काळजी करणाऱ्यांना सांगतो, मोठ्या मुलांपैकी दोघं आता लहानांना पहिला टाळीचा धडा स्वतंत्रपणे देतात. मी कोपऱ्यात बसून असतो. पुढे मी नसलो तरी खोली असली की पुरे.

आज रात्री साडेआठला मुलांचा कार्यक्रम आहे. पाच मिनिटांचा, म्हणजे मुलांच्या हिशेबाने १६० आवर्तनांचा. त्यात आजींचा खलबत्ता आहे, चाव्या आहेत, लिफ्ट आहे, तिहाई आहे. मध्ये एका जागी १५ सेकंद किक थांबेल. कार्यक्रमाच्या वेळी यंत्रणा बंद पडली असं समजून कुणी खुर्ची सोडू नका, आणि वायरमनला हाका मारू नका. तेवढ्या १५ सेकंदांसाठी मुलांनी तीन महिने हिंमत गोळा केली आहे. गप्प बसून ऐका.